वरून दिसलेलं टक्कल

माणूस भेटला की आपण चेहऱ्याकडे बघतो. आमचे कोच पोटऱ्यांकडे बघायचे. जिन्यात समोरून आले की नजर आधी खाली, मग "पाय काय म्हणतायत?" असा प्रश्न, आणि चेहऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या पोटऱ्यांवरही त्यांनी गॅलरीत उभं राहून मत दिलं होतं, की हा दुसऱ्या थरातसुद्धा टिकणार नाही. मुलाच्या आईने ते ऐकलं. ते लग्न मोडलं, पुढे दुसरंही जमलं नाही, आणि मी काळाचौकीच्या त्याच चाळीत, कोचच्या खोलीपासून दोन दारं सोडून, आयुष्य काढलं. आता चाळ पाडली, कोच आणि वहिनी सावंतवाडीकडच्या गावी गेले, मी भाड्याच्या जागेत आले. तरी त्या माणसाबद्दल मी गोडगोड लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

कोच म्हणजे दहीहंडीच्या पथकाचे कोच. एरवी शिवडीच्या एका गोदामात सुपरवायझर. तिथे त्यांना कोण विचारत होतं देव जाणे, पण गुरुपौर्णिमेला नारळ फुटून सराव सुरू झाला की गोकुळाष्टमीपर्यंत आमची सबंध गल्ली त्यांच्या शिट्टीवर चालायची. पोरांना सिगरेट बंद, वडापाव बंद, सिनेमा बंद. कुणाची बायको बाळंत झालेली असो की कुणाची परीक्षा असो, सरावाला दांडी मारली की कानाखाली आवाज. सुरक्षेचं कुणी काही बोललं की हसायचे. हेल्मेटने म्हणे मान जड होते. खाली गाद्या घातल्या की म्हणे पोरांचा जोर जातो. असली अक्कल ते जाहीरपणे वाटायचे आणि आमचे लोक माना डोलवायचे, कारण ट्रॉफ्या येत होत्या.

मग एका वर्षी दादरला एका मोठ्या हंडीखाली सात थर लागले, आणि उतरताना तिसऱ्या थरातल्या एकाचा गुडघा वाकला. वरची सगळी पोरं खाली आली. कोच नेहमीप्रमाणे पायथ्याशी, वर तोंड करून उभे होते. दोघं जण थेट त्यांच्या अंगावर कोसळले आणि त्यांचं डोकं रस्त्यातल्या दुभाजकाच्या कडेवर आपटलं. पोरांचे हात मोडले, पाय मोडले, ती प्लास्टर घालून गणपतीत नाचलीसुद्धा. कोच मात्र कोमात गेले. डॉक्टरांनी कवटी उघडून आतलं रक्त काढलं, आणि मेंदूची सूज उतरेपर्यंत हाडाचा तो तुकडा त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला. असं करतात हे आम्हाला तेव्हा कळलं. चाळीत लगेच विनोद सुरू, की कोचचं डोकं आता पोटात आहे, भूक लागली की विचार करतील. माणूस तिकडे मशीनवर होता आणि इकडे गॅलरीत हे चाललं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा बायको ओळखली, गावचं घर आठवलं, कुठल्या वर्षी किती थर लावले तेसुद्धा धडाधड सांगितलं. त्या दिवसाचं मात्र काही म्हणजे काही नव्हतं. आदल्या दिवसाचंही नव्हतं, नंतरच्या कित्येक आठवड्यांचंही नव्हतं. एवढा जबर मार बसला की असं होतंच, ते परत येईल अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं. विषय तिथेच संपायला हवा होता. मला विचाराल तर देवाने त्या माणसावर केलेली तेवढीच एक मेहेरबानी होती.

पण आमची माणसं ऐकतील तर ना. टीव्हीवरच्या मालिका बघून बघून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की स्मृती गेलेल्या माणसाला तोच प्रसंग पुन्हा दाखवला की झटका बसतो आणि गाडी रुळावर येते. दाखवायला प्रसंग तयारच होता. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सगळं मोबाइलवर घेतलं होतं, थर लागल्यापासून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. ती क्लिप अख्ख्या मुंबईत फिरली. पथकाची पोरं पाळीपाळीने हॉस्पिटलात जायची आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या नाकासमोर फोन धरून विचारायची, काही आठवतंय का, कोच? घरी आणल्यावर तर सकाळ-संध्याकाळ आरती चालू झाली. वहिनींना बिचाऱ्यांना वाटायचं, हासुद्धा औषधाचाच भाग असेल. सगळे प्रेमाने करत होते, हे मला मान्य आहे. प्रेम करताना डोकं बाजूला काढून ठेवावं लागतं असं आमच्याकडे कुणी शिकवलं, ते मात्र मला माहीत नाही.

"जीव वाचला ना, बस्स." हे वाक्य त्या काळात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की कानात बोळे घालावेसे वाटायचे. बघायला येणारे चार मोसंबी घेऊन यायचे, कोचला कसं वाटतंय असं विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणायचे, मस्त दिसताय. काय मस्त? त्यांचा वास गेला होता. दूध उतू जाऊन भांडं करपलं तरी शेजारी पेपर वाचत बसलेले, आणि पेपरही कालचा. शब्द सापडायचे नाहीत. वाटीला 'ते गोल' म्हणायचे, आणि गोल कुणी दिलं नाही की ताट भिरकावायचे. पाच मिनिटांनी वहिनींनाच विचारायचे, भात कुणी गं सांडला? गोदामवाल्यांनी काही महिने खुर्चीवर बसवून ठेवलं, मग घरीच आराम करा म्हणाले. वहिनी गॅस खालून बंद करून, दाराला बाहेरून कडी घालून भाजीला पळायच्या आणि अर्ध्या पिशवीनिशी परत यायच्या. जीव वाचला म्हणजे नक्की काय काय वाचलं, याची चौकशी करायला कुणाला फुरसत नव्हती.

आणि भीती. ताशाचा आवाज आला की हा आडदांड माणूस मोरीत जाऊन बसायचा. त्याहून मोठा तमाशा म्हणजे, कुणी उंचावर चढलेलं त्यांना चालायचं नाही. कुणीही, कशावरही. रंगारी शिडीवर चढला की कोच खाली हात पसरून उभे. केबलवाला पत्र्यावर गेला की कोच अंगणात, मान वर, हात पसरलेले, आणि तो उतरेपर्यंत जागचे हलणार नाहीत. ऊन असो, लोक हसोत, वहिनी हाका मारोत. पथकातले दोन टोणगे तर मजा म्हणून मुद्दाम पाण्याच्या टाकीवर चढायचे, कोच धावत येतात ते बघायला. ज्याने तुम्हाला उभं राहायला शिकवलं त्याची ही कदर. मी एकदा त्या टोणग्यांवर बादलीभर पाणी फेकलं, आणि ते स्वच्छ नव्हतं.

माझीही सुटका झाली नाही. दिवाळीच्या आधी मी स्टुलावर चढून माळ्यावरचा कंदील काढत होते. चाळीत दार दिवसभर उघडंच असतं. अचानक कुणीतरी मागून माझे दोन्ही घोटे गच्च धरले. मी अशी काही किंचाळले की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. बघतात तर मी स्टुलावर, हातात कंदील, आणि कोच माझे पाय धरून गुडघ्यांवर बसलेले. पन्नाशीच्या अविवाहित बाईच्या घरात हे दृश्य आमच्या चाळीला पुढे सहा महिने पुरलं. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी पाय सोडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी उतरा. मग शिव्या घाला."

मी उतरले आणि घातल्या. ते ऐकून घेत उभे राहिले. सदरा घामाने पाठीला चिकटलेला होता.

आता गंमत ऐका. ह्याच माणसाला चाळीने दोन वर्षांत किस्सा सांगायला बसवलं. पाहुणा आला की त्याला कोचच्या खोलीत न्यायचे आणि म्हणायचे, कोच, सांगा ना त्या दिवसाचं. आणि कोच सांगायचे. एरवी वाटीला वाटी न म्हणणारा माणूस हे मात्र अडखळल्याशिवाय सांगायचा. थर कसे लागले, तिसऱ्या थरातल्या पोराचा गुडघा कसा लटपटला, वरचा झेंडा कसा तिरका झाला. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. सगळ्यांची खात्री पटली, की बघा, क्लिप दाखवून दाखवून आठवण परत आली की नाही. कोचचा चेहराही तेवढ्यापुरता खुलायचा. नाही म्हटलं तरी पूर्वीचा सगळा तोरा परत येत होता ना.

एकदा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आत हाच कीर्तनाचा कार्यक्रम चालू होता. पाहुणे पुण्याचे, त्यामुळे प्रश्न बारीक विचारत होते. कोच रंगात आलेले. म्हणाले, पांढरा टी-शर्ट, दुभाजकाच्या डाव्या बाजूला उभा, मागचं टक्कल उन्हात चमकतंय, आणि त्यावर सावली पडली. मी दारातून विचारलं, "कोच, तुमचं मागचं टक्कल तुम्हाला कुठून दिसलं?"

पाहुणे खो खो हसले. मीसुद्धा हसले. कोचनी हात मागे नेऊन डोक्यावरून फिरवला, जिथे हाड परत बसवलं होतं तिथे थांबवला, आणि मग त्यांनी पुढचं काही सांगितलं नाही.

दुपारी ते माझ्या दारात आले. आत बोलावलं तर येईनात. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "ताई, माझ्याकडे त्या दिवसातलं काहीच नाही. सकाळी चहा घेतला की नाही, तेही नाही. हे सगळं त्या फोनमधलं आहे."

मग लोकांना कशाला सांगता, असं मी विचारलं. तर म्हणाले, आठवत नाही म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, सांगितलं की खूश होतात. हे उत्तर ऐकून मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. सबंध जन्म लोकांच्या कानाखाली वाजवत हिंडलेला माणूस आता लोकांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं डोकं त्यांना वापरायला देत होता.

"पण घाम खरा आहे हो," ते म्हणाले. "डोळे मिटले की मी वर असतो, जिथून ते शूटिंग झालं त्या तिसऱ्या मजल्यावर. खाली तो माणूस उभा दिसतो. आता त्याच्यावर पोरं पडणार हे मला माहीत असतं. त्याला सांगायला जातो तर आवाज फुटत नाही."

तो माणूस म्हणजे ते स्वतःच, हे त्यांना माहीत होतं. तरी ते 'तो' म्हणत होते.

त्यांचं काम एवढंच होतं. दरवर्षी गोकुळाष्टमीच्या संध्याकाळी, म्हणजे हंडीच्या आदल्या दिवशी, गल्लीत स्टेज बांधून पथक त्यांचा सत्कार करायचं. मोठ्या पडद्यावर ती क्लिप लावायची, मग 'मृत्यूला हरवून आलेले आमचे कोच' म्हणून त्यांना पुढे बोलवायचं, शाल, श्रीफळ, फोटो. त्याआधी पंधरा दिवस आणि त्यानंतर महिनाभर ते झोपत नसत. यंदा ती क्लिप लावू नका, एवढं मी मंडळाला सांगावं, अशी त्यांची विनंती होती. तुम्हीच का नाही सांगत, असं मी विचारलं.

"मी सांगितलं. मी काही सांगितलं की म्हणतात, डोक्याला मार लागलाय."

मी गेले मंडळाच्या ऑफिसात. परळच्या कॉलेजात फी भरायच्या खिडकीमागे मी तीस वर्षं काढली आहेत, मला माणसांची भीती वाटत नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे जागांची दलाली करणारे एक गृहस्थ. गल्लीच्या दोन्ही तोंडांना त्यांच्या हात जोडलेल्या चेहऱ्याचे बॅनर, त्यामुळे प्रत्यक्ष भेटले की माणूस जरा लहानच वाटायचा. त्यांनी मला चहा पाजला आणि सांगितलं की ही क्लिप जनजागृतीसाठी आहे, पोरांनी हेल्मेट घालावं म्हणून. मी म्हटलं, मग पोरांना हेल्मेट द्या, कोचला कशाला स्टेजवर चढवता? तर म्हणाले, साहेब येणार आहेत, त्यांना ते बघून गहिवरून येतं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, ज्यांना गहिवर कॅमेरा चालू झाल्यावर येतो. मग अध्यक्षांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. अहो ताई, ज्याला काही आठवतच नाही, त्याला त्रास कसला होणार?

वहिनी हल्ली कोचना ज्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेत होत्या, त्यांनी वहिनींना काय सांगितलं होतं ते मी अध्यक्षांना ऐकवलं. की आठवण नसली तरी भीती राहू शकते, आणि दाखवून दाखवून, ऐकवून ऐकवून ती आणखी घट्ट बसते, तर ती क्लिप आधी बंद करा. अध्यक्ष म्हणाले, बाहेरच्या डॉक्टरांना आपला सण काय कळणार. त्यांना मी काय म्हटलं ते जाऊ दे. चहा मात्र चांगला होता.

वहिनींकडे गेले तर तिथे वेगळंच. ही बाई माझ्या बाजूने उभी राहील असं मी धरून चालले होते. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांका कायच आठवणा नाय, आणि तरी झोपणत नाय. माका दिसता ता सगळा. पण त्या एका दिवशी चार माणसां घरात येतत गे बाय. बाकीचा वर्षभर कोण येता?"

वर्षभर येणाऱ्यांमध्ये मीही नव्हते. दोन दारं सोडून राहत होते, तरीही. वहिनींनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि मला विचारलं, जेवून जातेस का?

कार्यक्रमाची संध्याकाळ आली. साहेब उशिरा आले. तोवर कोचला स्टेजवर खुर्चीत बसवून ठेवलेलं, नवा कडक सदरा, तोंडाला पावडर. पथकातला एक जण ताशा वाजवत होता आणि प्रत्येक ठोक्याला कोचचा गुडघा उडत होता. खालच्यांना वाटलं, कोच ताल धरतायत. पडद्यावर क्लिप सुरू झाली. तिला ह्या वर्षी रडकं संगीतही लावलं होतं, ते कुठल्या गाढवाचं डोकं मला माहीत नाही. कोच उठले. निवेदकाच्या हातातला माइक त्यांनी ओढून घेतला.

"बंद करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बंद करा म्हणतोय ना. हे मी बघितलेलं नाही. मी खाली होतो. हे तुमचं आहे, तुमच्याकडे ठेवा. माझ्या डोक्यात घालू नका."

मला वाटलं होतं, अख्ख्या गल्लीत निदान एक तरी शहाणा माणूस असेल. टाळ्या वाढल्या. बायका डोळे पुसायला लागल्या. सगळ्यांचे फोन वर झाले आणि क्लिपबरोबर कोचचंही शूटिंग सुरू झालं. मी पुढे घुसून मशीनवर बसलेल्या पोऱ्याला ओरडले, तो म्हणाला, अध्यक्षांनी सांगितल्याशिवाय बंद नाही करता येत. अध्यक्ष साहेबांच्या कानात काहीतरी सांगत होते. क्लिप पूर्ण संपली. मग ती पडण्याच्या जागेपासून पुन्हा लागली, ह्या वेळी सावकाश. साहेबांनी गहिवरून कोचच्या अंगावर शाल टाकली आणि फोटो होईपर्यंत त्यांना दंडाला धरून उभं केलं. वहिनी स्टेजच्या मागून चढल्या, नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना घरी घेऊन गेल्या. त्या दिवशी त्यांच्या घरी जी चार माणसं आली, त्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

दुसरा दिवस हंडीच्या धामधुमीत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे पेज घेऊन गेले. कोच खिडकीपाशी बसले होते, डोळे सुजलेले. मला म्हणाले, परवा काहीतरी झालं ना? कार्यक्रम होता ना? मी बोललो का काही?

माइक ओढून घेतला, दोन शब्द बोलले, त्यातलं काहीच उरलेलं नव्हतं. पडल्यापासून त्या माणसाने स्वतःची म्हणून एवढीच एक गोष्ट केली होती, आणि तीसुद्धा गेली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अध्यक्ष आले. चेहरा फुललेला. कोच, काय बोललात परवा, तुमची क्लिप कुठच्या कुठे गेली आहे, लोक रडतायत, असं म्हणत त्यांनी फोन काढला आणि कोचच्या नाकासमोर धरला. बघा म्हणजे आठवेल.

मी मध्ये हात घातला. माझी सगळी पाची बोटं त्या फोनवर होती.

"दाखवू नका," मी म्हटलं. "मी सांगते. कोच, तुम्ही माइक घेतलात आणि म्हणालात, बंद करा. एकदाच म्हणालात."

"मग?"

"मग काय? ह्यांनी लगेच बंद केलं." मी अध्यक्षांकडे बोट दाखवलं. "पडदा काळा झाला. सगळे गप्प बसले. तुम्ही घरी आलात, जेवलात आणि झोपलात."

वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्या वळल्या नाहीत. कोचनी अध्यक्षांकडे बघितलं. मीही बघितलं, आणि मनात म्हटलं, आता हा बोलला तर ह्याच्या डोक्यावर पेजेचं पातेलं पालथं करीन. पण मी त्या गृहस्थाला ओळखून होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी फुकटात चांगला माणूस बनवलं होतं, आणि ते तो कसा परत करेल? फोन खिशात गेला. म्हणाले, "तुमचा शब्द म्हणजे शब्द, कोच. लगेच बंद केलं."

कोच हळूहळू मान हलवायला लागले.

"हां," ते म्हणाले. "पडदा काळा झाला. आठवतंय."

त्यानंतर त्यांनी पाहुण्यांना पडल्याचा किस्सा सांगणं सोडलं आणि हा सांगायला सुरुवात केली. आपली पोरं किती ऐकतात, एका शब्दात कसा पडदा काळा केला, हे ते जिन्यात, नळावर, वाण्याकडे, भेटेल त्याला सांगायचे. सगळ्यांना खरं माहीत होतं. मला वाटलं होतं चार दिवसांत कुणीतरी खोडून काढेल. पण आमच्या चाळीचं स्वतःवर फार प्रेम. आपण किती भले आहोत हे कुणी सांगत असेल तर मध्येच कोण तोंड उघडेल? ज्या पोरांनी फोन वर केले होते, तीच म्हणायला लागली, हो कोच, आम्ही लगेच बंद केलं. अध्यक्षांनी आपल्या ग्रुपवरून ती परवाची क्लिप गुपचूप काढायला लावली, कारण तिच्यात पडदा काळा होत नव्हता. ज्या गोष्टीसाठी मी हात जोडले, भांडले, डॉक्टरचा हवाला दिला, ती ह्या लोकांनी आपल्या मोठेपणापायी आपण होऊन केली. माणुसकीच्या नावाने मागितली असती तर जन्मात दिली नसती.

कोच बरे झाले असं मी म्हणणार नाही. वाटी गोलच राहिली. रंगारी आला की हात पसरणं चालूच होतं. पण वहिनी म्हणाल्या, आताही दचकून उठतात, घामाने भिजलेले असतात, मग आपणच पुटपुटतात, पडदा काळा झाला, आणि कूस बदलून झोपतात. मीही मधूनमधून जायला लागले, पेज घेऊन, कधी काही न घेता. वहिनींना तेवढ्यात बाजार करून येता यायचं. कोच माझ्या पोटऱ्यांकडे बघून सांगायचे, ताई, चालत जा, पाय गेले तुमचे.

पुढच्या वर्षी पुन्हा स्टेज, पुन्हा साहेब, पुन्हा शाली. क्लिप नव्हती. अध्यक्षांनी माइक घेतला आणि भरल्या गळ्याने सांगितलं, की गेल्या वर्षी ह्याच जागी आमचे कोच एकच शब्द बोलले आणि आम्ही त्या क्षणी पडदा बंद केला, कारण आमच्यासाठी सणापेक्षा माणूस मोठा. गल्ली दणाणून टाळ्या. गेल्या वर्षी क्लिप चालू असताना ज्या हातांनी वाजवल्या, त्याच हातांनी. मी आजूबाजूच्या तोंडांकडे बघत होते. एकालाही आपण खोटं ऐकतोय असं वाटत नव्हतं. त्यांना ते आठवत होतं.

कोच ह्या खेपेला स्टेजवर चढले नव्हते, खाली माझ्या आणि वहिनींच्या मध्ये खुर्चीत बसले होते. टाळ्या चालू असताना ते माझ्याकडे झुकले. आवाज अगदी खाली होता.

"ताई, तुम्ही खोटं बोलत नाही. खरंच बंद केलं होतं ना हो?"

"केलं होतं," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय."